‘अँड’ आला म्हणजे ‘आर’च?

इंग्रजीच्या तासाला शिकवलेला नियम सरळ बेरजेचा होता. एक अधिक एक दोन, म्हणून ‘राम इज’, ‘श्याम इज’, पण ‘राम अँड श्याम आर’. मार्क मिळवायला एवढं पुरायचं. गंमत अशी, की ज्या जाडजूड व्याकरणाच्या पुस्तकातून आपल्याकडच्या कित्येक पिढ्या हे नियम शिकल्या, त्याचं नाव घेतानाच नियम मोडतो. रेन आणि मार्टिन ही माणसं दोन, पण पुस्तक एक. त्यामुळे पुस्तकाचा हवाला देताना ‘रेन अँड मार्टिन सेज’ असंच म्हणायचं.

म्हणजे क्रियापद नावं मोजत नाही, वस्तू मोजतं. पाव आणि लोणी दोन, पण नाश्त्याला बशीत येतो तो एकच पदार्थ, म्हणून ‘ब्रेड अँड बटर इज’. ‘लॉ अँड ऑर्डर’चंही तेच. ‘द पोएट अँड फिलॉसॉफर इज डेड’ म्हटलं तर गेलेला माणूस एक, कवीही तोच आणि तत्त्वज्ञही तोच. फिलॉसॉफरच्या आधी आणखी एक ‘द’ घातला की माणसं दोन होतात आणि ‘इज’चं ‘आर’ करावं लागतं.

मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या १८९७ सालच्या एका प्रसिद्ध कवितेत ‘द टमल्ट अँड द शाउटिंग डाइज’ अशी ओळ आहे. इथे ‘द’ दोनदा येऊनही क्रियापद एकवचनीच आहे. लगेच पुढच्या ओळीत ‘द कॅप्टन्स अँड द किंग्ज डिपार्ट’, म्हणजे अनेकवचन. गलका आणि आरडाओरडा हा शेवटी एकच आवाज, सेनापती आणि राजे मात्र वेगवेगळे मोजता येतात. (पुढच्या यमकासाठीही त्याला ‘डाइज’च हवं होतं. कवी लोक व्याकरणाकडून सवलत घेतात ती अशी.)

खरं तर इंग्रजी क्रियापदाकडे कर्त्याशी जुळवून घ्यायला आता फारसं काही उरलेलंच नाही. भूतकाळात ‘केम’ म्हटलं की मी, तो, ती, ते सगळे एका रांगेत. वर्तमानकाळातला एक ‘एस’, ‘हॅज-हॅव’ आणि ‘बी’ची पाचसहा रूपं, संपलं. आपलं ‘आला, आली, आलं, आले, आल्या’ पाहता हे काहीच नाही. तरीही इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ती माणसंसुद्धा तेवढ्यातच अडखळतात, आणि ती कुठे अडखळतात हे पाहणं फार उद्बोधक आहे.

कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर या दोन संशोधकांनी १९९१ साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना वाक्याची सुरुवात ऐकवायची आणि वाक्य पुरं करायला सांगायचं. सुरुवात ‘द की टू द कॅबिनेट्स’ अशा धर्तीची. किल्ली एक, कपाटं अनेक. क्रियापद किल्लीचं, म्हणून ‘इज’ हवं. पण जवळच्या अनेकवचनी कपाटांच्या नादाने काहींच्या तोंडून ‘आर’ निसटायचं. उलटं केलं, म्हणजे किल्ल्या अनेक आणि कपाट एक, तर चूक जवळपास होतच नव्हती. अनेकवचन क्रियापदाला ओढतं, एकवचन ओढत नाही. याचं एक स्पष्टीकरण असं, की इंग्रजीत एकवचन म्हणजे शब्द जसाच्या तसा. अनेकवचनाला मात्र वर ‘एस’ची खूण असते, आणि खूण असलेलंच मनात ठसतं.

वाचतानाही असाच चकवा बसतो. मॅथ्यू वेगर्स, एलन लाउ आणि कॉलिन फिलिप्स यांनी २००९ साली दाखवलं, की किल्लीच्या वाक्यात चुकीचं ‘आर’ आलं तरी मध्ये कपाटं असली तर वाचणाऱ्याला ते तेवढं खटकत नाही. पण वाक्य बरोबर असेल, तर तीच कपाटं काही अडथळा आणत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की क्रियापद खटकलं की मन मागे वळून स्मृतीत ‘अनेकवचनी कोण होतं?’ म्हणून शोधतं, आणि कधीकधी भलत्यालाच धरून आणतं.

मराठीत ‘कपाटांची किल्ली हरवली’ म्हणताना कोणी ‘हरवल्या’ म्हणत नाही. आपल्याकडे कपाटं आधी येतात, किल्ली नंतर, म्हणजे क्रियापदाला खेटून. शिवाय ‘कपाटांची’मधला ‘ची’ आधीच किल्लीची वर्दी देऊन ठेवतो. म्हणून आपल्या मुलांना हा घोळ इंग्रजीतच पहिल्यांदा भेटतो.

पण शेजाराची ओढ मराठीला नाही असं समजू नका. ‘मी भात आणि पोळी खाल्ली’ आणि ‘मी पोळी आणि भात खाल्ला’. इथे प्रयोग कर्मणी, क्रियापद कर्माच्या मागे जाणार, आणि कर्मं दोन असूनही ते शेवटच्यालाच धरतं. पुढे ‘आहे’ लावून पाहा: ‘भात आणि पोळी खाल्ली आहे’ कानाला ठीक वाटतं, ‘आहेत’ नाही. माणसं आली की मात्र आपण मोजायला लागतो. ‘नवरा-बायको आली’ यातलं ‘आली’ बायकोचं वाटेल, पण ‘आली आहेत’ म्हटलं की कळतं, ते दोघांचं मिळून नपुंसकलिंगी अनेकवचन आहे. आणि हे सगळं पाठ न करता!

इंग्रजीत क्रियापद आधी आलं की ओढ पहिल्या शब्दाकडे वळते. ‘देअर इज अ पेन अँड टू बुक्स’ हे कित्येकांना ‘आर’पेक्षा सहज वाटतं, कारण ‘आर अ पेन’ एकत्र ऐकवत नाही. १६११च्या किंग जेम्स बायबलमधल्या प्रभूच्या प्रार्थनेतही राज्य, सामर्थ्य आणि गौरव अशी तीन नामं येतात, पण त्यांच्या आधीचं क्रियापद ‘इज’ आहे.

‘ऑर’च्या बाबतीत तर शेजारच्याप्रमाणे चालणं हाच पुस्तकी नियम आहे: ‘आयदर द टीचर ऑर द स्टुडंट्स आर’, आणि क्रम बदलला की ‘इज’. मग ‘तू किंवा मी चुकतोय’चं काय करायचं? नियमाने ‘आयदर यू ऑर आय ॲम राँग’. बरोबर आहे, पण बोलताना जीभ अडते. म्हणून ‘वन ऑफ अस इज राँग’ म्हणून मोकळं व्हावं.