जपानची भरभराट: कारखान्यांना हात कुठून मिळाले?

जपानच्या युद्धोत्तर भरभराटीला ‘चमत्कार’ म्हणून मोकळं व्हायची आपल्याला सवय आहे. प्रत्यक्षात त्यात धोरण होतं, अमेरिकेची गरज होती आणि शेजारच्या युद्धाचा हातभारही होता. १९४९मध्ये सरकारनं खर्चाला कात्री लावली, त्या काटकसरीनं कारखाने मेटाकुटीला आले होते. जून १९५०मध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि बुडायला आलेल्या टोयोटाला अमेरिकी सैन्याच्या ट्रकच्या ऑर्डरींनी तारलं.

माणसं मात्र खेड्यांतून आली. जमीन सुधारणांनी कुळं मालक झाली, पण तुकडे लहान आणि शेत सहसा थोरल्याकडे जायचं. धाकट्यांनी करायचं काय? १९५४पासून दर वसंतात ईशान्येकडच्या तोहोकु भागातून खास गाड्या सुटू लागल्या. नववी संपवलेली पंधरा वर्षांची मुलं-मुली, अंगावर शाळेचाच गणवेश. रात्रभराच्या प्रवासानंतर तोक्योच्या उएनो स्टेशनवर त्यांना घ्यायला मालकमंडळी हजर. लोक या पोरांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. त्यांतली बरीच मोठ्या कंपन्यांत नव्हे, तर छोट्या कारखान्यांत आणि दुकानांत राबली, मालकाच्याच घरी राहून. मागे शेती उरली आजी, आजोबा आणि आईच्या अंगावर.

१९६०मध्ये अमेरिकेशी झालेल्या सुरक्षा करारावरून रस्ते पेटले, पंतप्रधान किशींना जावं लागलं. त्यांच्यानंतर आलेल्या इकेदांनी दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना मांडली. राजकारणावरून लोकांचं लक्ष खिशाकडे वळवण्याची ही चाल होती, आणि ती चालली. उद्दिष्ट मुदतीआधीच गाठलं गेलं. टीव्ही, वॉशिंग मशीन आणि फ्रिज घरोघरी आले. १९६८मध्ये एकूण राष्ट्रीय उत्पादनात जपाननं पश्चिम जर्मनीलाही मागे टाकलं.

त्याच १९६८च्या सप्टेंबरात सरकारनं कबूल केलं, की मिनामाता या किनाऱ्यावरच्या गावातल्या आजाराला चिस्सो या रसायन कंपनीच्या सांडपाण्यातला पारा जबाबदार आहे. आजाराची अधिकृत नोंद १९५६ची! समुद्रातली मासळी खाऊन कोळ्यांच्या घरांतली माणसं लुळी पडत होती, मरत होती. तरी कारखान्यानं पाऱ्याची ती प्रक्रिया थांबवली १९६८च्या मे महिन्यात, कंपनीला ती जुनी वाटू लागल्यावर. बारा वर्षांच्या या दिरंगाईला नुसतं अज्ञान म्हणता येत नाही.

१९७३च्या शरदात खनिज तेलाचे भाव भडकले. ओसाकाजवळच्या सेनरी या नव्या वसाहतीत तेलाच्या टंचाईपायी टॉयलेट पेपर संपणार अशी आवई उठली आणि दुकानांपुढे बायकांची झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी, युद्धानंतर पहिल्यांदा, जपानची अर्थव्यवस्था आक्रसली.