कोंबडीच्या तळव्यातला घट्ट पू

कोंबडी लंगडायला लागली की पाय मुरगळला असेल म्हणून आपण दोन-चार दिवस वाट बघतो. त्यापेक्षा तिला धरून पाय उलटा करून बघावा. तळव्याच्या मधल्या गादीवर मसुराएवढी काळी, टणक खपली आणि भोवती लालसर, गरम लागणारी सूज दिसली, तर तो बहुधा बंबलफूट. परसात कोंबड्या पाळणाऱ्यांना हा आजार कधी ना कधी भेटतोच.

याच्या मुळाशी बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू असतो. माणसाच्या गळवातही हाच. स्कॉटलंडचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० मध्ये माणसाच्या गळवांतल्या पुवात या जातीचे जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले होते. हा जिवाणू एरवीही त्वचेवर मुक्कामाला असतो आणि धड कातडीला काही करत नाही. बाभळीचा काटा, पत्र्याची कड किंवा घासून पातळ झालेली कातडी एवढी वाट त्याला पुरते.

आत शिरल्यावर मात्र माणसात आणि पक्ष्यात फरक पडतो. आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये असलेली विकरं (एन्झाइम) मेलेल्या पेशी आणि जिवाणू विरघळवतात, म्हणून आपला पू पातळ होतो, गळू फुटतं आणि वाहून जातं. पक्ष्यांमध्ये हे काम हेटरोफिल नावाच्या पेशी करतात आणि त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज हे विकर नसतं. त्यामुळे कोंबडीचा पू वाहत नाही, खव्यासारखा घट्ट होत जातो. शरीर त्याच्याभोवती तंतूंची भिंत बांधतं आणि आत पिवळट गाठ बसते. या गाठीत रक्त पोचत नाही, म्हणून औषधही नीट पोचत नाही. दाबून, पिळून ती बाहेर येत नाही. जोर केला तर भिंत आतल्या बाजूला फुटते आणि संसर्ग स्नायुबंधांकडे, सांध्याकडे, हाडाकडे सरकतो. एकदा हाडात गेला की पाय वाचवणं अवघड.

घरी काय करता येतं? सुरुवातीच्या अवस्थेत बरंच काही. कोंबडीला टॉवेलमध्ये गुंडाळा (सोलापुरात टॉवेलची काय कमी!) आणि डोकं झाका. अंधार झाला की ती शांत होते. छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड हललं तरच त्यांना श्वास घेता येतो. पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा. त्यात मेडिकलमधलं एप्सम सॉल्ट घालतात. हे मीठ पू ओढून काढतं, असं लोक सांगतात. माझ्या मते खपली मऊ करण्याचं खरं काम कोमट पाणीच करतं. मग पाय कोरडा करून फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा, वर गॉज आणि बोटांमधून फिरवलेली सैल पट्टी. पट्टी रोज बदलायची. बोटं गार किंवा सुजलेली वाटली तर ती घट्ट बसली आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड पुन्हा पुन्हा ओतू नये. ते नव्याने भरून येणाऱ्या पेशीही मारतं. उघड्या जखमेत डब्यातली हळद भरणंही मला पटत नाही, ती निर्जंतुक नसते. हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा, कारण या जिवाणूंचा संसर्ग माणसालाही होतो.

मोबाइलवर बघून घरच्या ब्लेडने गाठ कोरायला बसणारे खूप झालेत. कोंबडी ओरडत नाही म्हणजे तिला दुखत नाही, असं नाही. गाठ मोठी असेल, सूज बोटांपर्यंत किंवा वर नळीपर्यंत चढली असेल, किंवा कोंबडी खाणं सोडून बसून राहत असेल, तर तिला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. घरातल्या माणसांच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या पाण्यात कालवू नका. त्यांचा अंश अंड्यात उतरतो. डॉक्टरांनी औषध दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही त्यांनाच विचारा. माणसाच्या गंभीर संसर्गात शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कोंबड्यांसाठी वापरायला २०१९ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली, ती अशाच सढळ वापरामुळे.

पाय बरा झाला तरी अंगण तेच राहिलं तर दुखणं परत येतं. आपल्याकडे अंगणात शहाबादी फरशी सर्रास. गावरान कोंबडी अंगाने हलकी. पण गिरिराज, वनराज या जाती वजनदार, आणि त्या उंचावरून फरशीवर धपकन उतरतात तेव्हा सगळा भार त्या मधल्या गादीवर येतो. बसायची दांडी दीड फुटापेक्षा उंच नको, जाडीला पाच सेंटिमीटरच्या आसपास, कडा गोल आणि गुळगुळीत. खाली लाकडाचा भुसा किंवा शेंगांची टरफलं पसरा, आणि पावसात ओली झाली की लगेच काढून टाका; ओल्या विष्ठेत उभी राहिलेली कातडी फुगून फाटते. खाण्याकडेही बघा. आपली मालदांडी ज्वारी चांगलीच, पण तिच्यात अ जीवनसत्त्व तयार व्हायला लागणारं कॅरोटीन नगण्य, आणि अ जीवनसत्त्व कमी पडलं की कातडी कमकुवत होते. जोडीला पिवळा मका आणि शेवग्याचा पाला द्यावा.

तळव्याला काहीच नसताना एखादंच बोट सुजलं असेल, तर सोलापुरात आधी सुताचा संशय घ्यावा. यंत्रमागाच्या आसपासच्या वस्तीत धाग्यांचे तुकडे उकिरड्यावर पडलेले असतात. उकरताना ते बोटाला गुंडाळले जातात आणि चालताना आवळत जातात. सूज चढली की धागा कातडीत रुततो, वरून दिसतही नाही. भिंगातून बघून, पाण्यात मऊ करून, टोकाला बोथट असलेल्या बारीक कात्रीने तो कापावा. बोट काळं आणि गार पडलं असेल तर मात्र ओढाताण न करता डॉक्टरांकडे न्यावं.