स्तनाच्या ऑपरेशनमधली ‘अर्धी भूल’: पार्श्वभूमी

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन ठरलं की भुलेच्या तपासणीत हमखास प्रश्न येतो, “डॉक्टर, पूर्ण भूल की अर्धी?” विचारणारीच्या मनात बहुतेक वेळा सिझेरियनच्या वेळचं कमरेतलं इंजेक्शन असतं. छातीसाठी बेत वेगळा असतो. कण्याच्या बाजूला, बरगड्यांच्या नसा जिथून बाहेर पडतात, तिथे बधिरतेचं औषध सोडायचं आणि शिरेतून थोडी गुंगी द्यायची. या सुईला पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक म्हणतात.

ही सुई नवी नाही. १९०५ साली जर्मनीत ती पहिल्यांदा दिली गेली, पुढे कित्येक दशकं मागे पडली आणि १९७९ नंतर पुन्हा वापरात आली. सोनोग्राफी हाताशी आल्यावर २०११ ते २०१६ या काळात आणखी सोप्या जागा सापडल्या. छातीच्या दोन स्नायूंच्या मधे सुई नेली की पडद्यावर औषधाची काळी पट्टी पसरताना दिसते आणि स्नायू एकमेकांपासून अलग होतात. याची गरजही होती. छातीच्या स्नायूंच्या नसा मानेकडून येतात, त्यामुळे पाठीतल्या सुईने त्वचा बधिर झाली तरी सर्जनने स्नायू ओढला की बाई कळवळते. काखेतल्या गाठी काढताना तर हे फार जाणवतं.

खरा गुंता ‘रिजनल’ या शब्दाचा आहे. रिजनल म्हणजे शरीराचा तेवढाच भाग बधिर करणारी भूल, पण तिच्यासोबत रुग्ण जागा आहे की पूर्ण भुलेत, हे त्या शब्दातून कळत नाही. २००६ साली १२९ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासणारा एक अभ्यास आला. ब्लॉक मिळालेल्या ५० जणींपैकी ९४ टक्के तीन वर्षांनी आजारापासून मुक्त होत्या, उरलेल्या ७९ जणींमध्ये हे प्रमाण ७७ टक्के होतं. ‘जागेपणी ऑपरेशन केलं तर कॅन्सर परत येत नाही’ हा समज इथून पसरला. पण त्या ५० जणी जाग्या नव्हत्याच! त्यांना ब्लॉकसोबत पूर्ण भूलही दिलेली होती. तुलना होती ती वेदना थांबवण्यासाठी दिलेला ब्लॉक आणि मॉर्फिन हे अफूवर्गीय वेदनाशामक यांची.

ब्लॉकमुळे कॅन्सर परतणं खरंच कमी होतं का, याचं उत्तर मिळायला २०१९ उजाडलं. आठ देशांतल्या २,१०० हून अधिक स्त्रियांची चाचणी झाली. एका गटाला ब्लॉक आणि प्रोपोफॉल, दुसऱ्याला सेवोफ्लुरेन हा श्वासातून द्यायचा भुलेचा वायू आणि अफूवर्गीय वेदनाशामक. आजार परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे सुमारे १० टक्के. सहा महिन्यांनी जखमेच्या जागी दुखणाऱ्या स्त्रियाही दोन्हीकडे ५२ टक्के. प्रोपोफॉल हे शिरेतून द्यायचं असं औषध आहे की थोडं दिलं तर गुंगी आणि वाढवलं तर पूर्ण भूल. हाक मारल्यावर डोळे उघडणारी बाई आणि श्वास मोकळा राहावा म्हणून जिची हनुवटी उचलून धरावी लागते ती बाई, दोघींच्या कागदावर ‘सेडेशन’ म्हणजे गुंगीच लिहिलेली असू शकते. म्हणून हलक्या गुंगीच्या बाजूने किंवा विरोधात या दोन अभ्यासांचे दाखले देणं मला चुकीचं वाटतं. हृदय-फुप्फुसं थकलेल्या वयस्कर बाईला श्वासनळीत नळी न घालता ऑपरेशन करून घेता येणं, ऑपरेशननंतर मळमळ कमी असणं, हे फायदे स्वतंत्रपणे मोलाचे आहेत. त्यांना कर्करोग रोखण्याच्या आशेचा आधार लागत नाही. २०२० च्या कोविडकाळात हीच पद्धत पुन्हा चर्चेत आली, तीही नळी टाळण्यासाठीच.

२०२३ मध्ये मुंबईतल्या एका कर्करोग रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि पुन्हा गल्लत सुरू झाली. सुमारे १,६०० स्त्रियांपैकी निम्म्या जणींना ऑपरेशनआधी ७ ते १० मिनिटं गाठीभोवती ०.५ टक्के लिग्नोकेन टोचलं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ९०.१ टक्के, न टोचलेल्यांत ८६.४ टक्के. औषध बधिरतेचंच, पण ते नसेजवळ नाही, गाठीभोवती दिलेलं. त्या बधिरतेच्या जोरावर ऑपरेशन करायचं नव्हतं, त्यामुळे ‘अर्धी की पूर्ण’ या प्रश्नाशी या चाचणीचा संबंध नाही.