द्वि-ऊर्जा सीटी आणि लसीका ग्रंथींतील कर्करोग

मूळ अवयवातून सुटलेल्या कर्करोगपेशी लसीकावाहिन्यांवाटे जवळच्या लसीका ग्रंथींत (लिम्फ नोड) पोचल्या आहेत का, हे शस्त्रक्रियेपूर्वी ओळखण्यासाठी वापरली जाणारी क्ष-किरण चित्रणपद्धत. कर्करोग किती पसरला आहे हे सांगणाऱ्या टीएनएम वर्गीकरणातला ‘एन’, म्हणजे लसीका ग्रंथींची स्थिती, याच उत्तरावर ठरतो. शस्त्रक्रिया किती मोठी करायची, आधी केमोथेरपी द्यायची का, हेही बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते.

नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये मुख्य निकष मापाचा. कर्करोगाच्या गाठी उपचारांना किती प्रतिसाद देतात हे मोजण्याच्या 2009 च्या रेसिस्ट 1.1 नियमावलीत आखूड व्यास 10 मिलिमीटरपेक्षा कमी असलेली ग्रंथी निरोगी धरतात. निकष सोपा आहे, पण फसवा. संसर्गाने सुजलेली ग्रंथी कर्करोग नसतानाही मोठी दिसते आणि 6 मिलिमीटरच्या ग्रंथीत कर्करोग दडलेला असू शकतो. म्हणून अनुभवी रेडिऑलॉजिस्ट ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट आहे की गोल झाली आहे, मधली चरबी शिल्लक आहे का, आतला भाग मृत झाला आहे का, हेही बारकाईने पाहतात.

द्वि-ऊर्जा सीटीने यात खरी भर घातली ती आयोडीनच्या मोजमापाची. एकाच भागाचे चित्रण साधारणपणे 80 आणि 140 किलोव्होल्ट अशा दोन पातळ्यांवर होते. शिरेतून दिलेल्या डायमधले (चित्रात उठून दिसणाऱ्या द्रवातले) आयोडीन कमी ऊर्जेचे क्ष-किरण कितीतरी जास्त शोषते. मऊ ऊतींत हा फरक थोडाच पडतो. त्यावरून संगणक आयोडीन वेगळे काढतो. पडद्यावर ग्रंथीभोवती छोटे वर्तुळ आखले की दर मिलिलिटरमागे किती मिलिग्रॅम आयोडीन आहे, तो आकडा मिळतो. प्रत्येकाच्या शरीरात डाय सारख्याच वेगाने पसरत नाही, म्हणून या आकड्याला महाधमनीतल्या आयोडीनने भागतात. वर्तुळात शेजारची रक्तवाहिनी जराशी जरी आली तरी आकडा बिघडतो, आणि ग्रंथी जितकी लहान तितकी ही चूक सहज होते.

आकडा जास्त म्हणजे कर्करोग, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगाने ग्रासलेल्या ग्रंथींत आयोडीन बहुधा वाढलेले दिसते. डोके-मानेच्या स्क्वॅमस (चपट्या आवरणपेशींच्या) कर्करोगात ग्रंथीचा आतला भाग मरू लागला की ते घटते. मूळ कर्करोग कोणता हे ठाऊक नसताना नुसता आकडा वाचणे धोक्याचे.

2021 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेल्या फोटॉन-गणक सीटीत क्ष-किरणांच्या प्रत्येक कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा स्वतंत्रपणे नोंदली जाते. त्यामुळे चित्रे अधिक रेखीव येतात आणि छोट्या ग्रंथींचे मोजमाप सुधारण्याची आशा आहे. पेट-सीटी ही आणखी एक चित्रणपद्धत ग्रंथीतला ग्लुकोजचा वापर दाखवते. पण क्षयरोग किंवा सार्कॉइडोसिस या दाहाच्या आजारामध्येही ग्रंथी तिथे उजळतात.

ग्रंथीतला 2 मिलिमीटरपेक्षा लहान सूक्ष्मप्रसार यांपैकी कोणत्याही चित्रणात भरवशाने दिसत नाही. त्यामुळे स्कॅन स्वच्छ आला तरी स्तनाच्या कर्करोगात आणि मेलॅनोमात अनेकदा पहारेकरी ग्रंथी (मूळ गाठीकडून येणारी लसीका सर्वांत आधी जिथे पोचते ती) काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, आणि संशयित ग्रंथीचे निदान शक्यतो सुईने घेतलेल्या नमुन्यावरून पक्के करतात. अनेक ग्रंथींपैकी सुई कोणत्या ग्रंथीत आणि तिच्या कोणत्या जिवंत भागात घालायची, हे ठरवायला आयोडीनचा नकाशा उपयोगी पडतो.