भित्तिपत्रक, वर्गातील (खानदेश)

वर्गाच्या भिंतीवरील फलकावर विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले, काढलेले किंवा जमवलेले साहित्य डकवून ते ठरावीक मुदतीने बदलण्याचा शालेय उपक्रम. प्रस्तुत नोंद धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांतील सहावी ते आठवीच्या वर्गांपुरती आहे. बोलण्यात ‘बोर्ड’ हाच शब्द रूढ आहे. कार्यालयाबाहेरचा सूचना फलक, सुविचार व दिनविशेषाचा फळा आणि रंगवलेल्या ‘बोलक्या भिंती’ यांहून भित्तिपत्रक वेगळे मानावे. सूचना फलक कार्यालयाचा असतो, सुविचाराचा फळा बहुधा चांगल्या अक्षराच्या एकाच मुलाच्या हाती राहतो आणि बोलक्या भिंती बोलतात खऱ्या, पण वर्षभर तेच बोलतात.

उगम : खानदेशापुरता या प्रथेचा धागा साने गुरुजींच्या ‘छात्रालय दैनिका’पर्यंत मागे नेता येतो. गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारी असताना तेथील मुलांसाठी ते हे दैनिक हाताने लिहून काढीत. मात्र दैनिकाचे लेखक मुख्यतः गुरुजीच होते, मुले वाचक होती; शिवाय ते वर्गाचे नव्हे, वसतिगृहाचे होते. त्यामुळे त्याला भित्तिपत्रकाचा थेट पूर्वज म्हणण्यापेक्षा हस्तलिखित नियतकालिकांच्या परंपरेतील टप्पा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याच सुमारास फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने मुलांच्या लेखनावर आधारलेली अध्यापनपद्धती उभारली. पुढे तिच्यात भिंतीवरच्या पत्रकाचा समावेश झाला आणि त्यात तक्रार, शाबासकी व इच्छा असे रकाने असत. या दोहोंत साम्य आहे, संबंध जोडण्यास आधार नाही. आजचे स्वरूप बरेच अलीकडचे असावे. 1987 मध्ये सुरू झालेल्या ‘खडू-फळा’ योजनेने शाळांना तक्ते व नकाशे मिळाले, तरी ते तयार साहित्य होते. मुलांच्या हातचे काम भिंतीवर यावे हा आग्रह 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर, ज्ञानरचनावादाच्या (मूल आपले ज्ञान स्वतः रचते या विचाराच्या) चर्चेबरोबर वाढलेला दिसतो.

स्वरूप : अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना नुसती सजावट फार दिवस धरून ठेवत नाही. पताका आणि घोटीव कागदाची फुले पहिलीच्या वर्गात शोभतात. सातवीतला मुलगा फलकापाशी थांबतो तो तिथे काही करण्याजोगे असेल तर. म्हणून दुमडलेल्या कार्डशीटवर बाहेर प्रश्न व आत उत्तर, अर्धवट सोडलेली गोष्ट, उत्तराच्या चिठ्ठ्या टाकण्यासाठी खोके अशा युक्त्या वापरतात. फलक मुलांच्या डोळ्यांच्या पातळीला असावा. पाहुण्यांना दिसावा म्हणून तो उंच टांगला की वाचक संपले. लेखनाखाली नाव घालण्यास या वयात संकोच असतो, तेव्हा टोपणनावाची मुभा उपयोगी पडते.

गणिताच्या फलकाला चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखाचा विषय अगदी जवळचा आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. त्यावरून पाटण हे भास्कराचार्यांचे जन्मस्थान असे सरळ लिहिले जाते, ते मात्र वादग्रस्त आहे. त्यांनी स्वतः उल्लेखिलेले ‘विज्जलविड’ हे गाव कोणते याविषयी एकमत नाही आणि शिलालेखाने मठ सिद्ध होतो, जन्म नव्हे. फलकावर ‘जन्मस्थान कोणते?’ असा प्रश्नच ठेवणे बरे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथातील भुंग्यांचे उदाहरण या इयत्तांना सहज झेपते : थव्याचा पाचवा भाग एका फुलावर, तिसरा भाग दुसऱ्या फुलावर, या दोहोंतील फरकाच्या तिप्पट तिसऱ्यावर आणि एक भुंगा उरला, तर एकूण किती? उत्तर 15.

भाषा : खानदेशी फलकाचे खरे वेगळेपण येथे आहे. घरी ‘काय करी ऱ्हायना?’ (काय करतो आहेस?) असे बोलणारा मुलगा वर्गात प्रमाण मराठीपुढे गप्प होतो. फलकावर ‘आंडोर’ (मुलगा), ‘आंडेर’ (मुलगी), ‘बठ्ठा’ (सगळा) असे अहिराणी शब्द अर्थासह लागले की एरवी वही पुढे न करणारी मुलेही शब्द आणून देतात. आजीकडून ऐकलेल्या ओव्या, कानबाई या खानदेशी देवीची गाणी, केळी-कापसाच्या कामातले शब्द हे सारे याच वाटेने येते. बहिणाबाई चौधरींचे (1880–1951) उदाहरण अशा वेळी हमखास दिले जाते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांच्या ओव्या इतरांनी उतरवून ठेवल्या, म्हणून ते समर्पकही आहे. मात्र त्यांच्या बोलीला सरसकट अहिराणी म्हटले जाते. ती जळगावकडील लेवा गणबोली मानणे अधिक ग्राह्य होय. नंदुरबारच्या सातपुडा भागात पावरी, भिली व मावची बोलणारी मुले आहेत. तेथे देवनागरीत लिहिलेले बोलीतील शब्द व शेजारी चित्र ही रीत सोयीची ठरते. त्याच जिल्ह्यात 9 सप्टेंबर 1942 रोजी हुतात्मा झालेल्या बालवीर शिरीषकुमारचा दिवस फलकावर येतो.

साहित्य : चौकटीवर ताणलेले गोणपाट, पुठ्ठा किंवा सॉफ्टबोर्ड. 2018 च्या प्लॅस्टिकबंदीत थर्माकोलच्या सजावटीवर निर्बंध आल्यानंतर थर्माकोलचे तक्ते मागे पडणे साहजिक होते. घरगुती खळीला कीड लागते. मार्चनंतरच्या उन्हात डकवलेले कागद कडांनी वळतात, डिंक सुटतो; त्यामुळे सकाळची शाळा सुरू झाली की सुतळीला चिमट्यांनी कागद अडकवणे सोपे जाते. उतरवलेले कागद फेकून न देता क्रमाने शिवले, तर वर्षाअखेरीस वर्गाचे हस्तलिखित आपोआप तयार होते.