ईमेल सॉफ्टवेअरमधील दुबार फोल्डर

थंडरबर्ड, आउटलुक, ॲपल मेल यांसारख्या संगणकावरच्या ईमेल सॉफ्टवेअरमध्ये एकाच नावाचे किंवा एकाच मजकुराचे दोन-तीन फोल्डर यादीत दिसू लागतात, त्यांना दुबार फोल्डर म्हणतात. जुने ईमेल आयात केल्यावर, बिघडलेली फाइल दुरुस्त केल्यावर किंवा सर्व्हरशी जोडणी मध्येच तुटल्यावर ते उगवतात. ‘इम्पोर्ट’, ‘रिकव्हर्ड मेसेजेस’, ‘लॉस्ट अँड फाउंड’ आणि ‘एनएसटीएमपी’ ही त्यांची नेहमीची नावे. दिसायला सारखे असले तरी प्रत्येकाचा उगम वेगळा असतो, आणि उगम कळल्याशिवाय केलेली साफसफाई बहुधा अंगाशी येते.

यादीतल्या एका ओळीमागे तीन गोष्टी असू शकतात : सर्व्हरवरचा फोल्डर, डिस्कवरची फाइल आणि त्या फाइलची अनुक्रमणिका म्हणजे इंडेक्स. आयमॅप पद्धतीच्या खात्यात मूळ प्रत सर्व्हरवर असते. तिथला फोल्डर संगणकावरून डिलीट केला की तो फोनवरूनही जातो. ‘लोकल फोल्डर्स’ किंवा ‘ऑन माय मॅक’ या शीर्षकाखालचे फोल्डर मात्र फक्त त्याच संगणकावर असतात. म्हणून पहिली तपासणी अगदी साधी आहे : ब्राउझरमधून खाते उघडावे आणि संशयित फोल्डर तिथे दिसतो का ते पाहावे.

थंडरबर्डमध्ये हा प्रकार उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. प्रोफाइलच्या, म्हणजे थंडरबर्ड आपले संदेश आणि सेटिंग जिथे ठेवतो त्या, डिरेक्टरीत ‘इनबॉक्स’ नावाची, विस्तारनाम नसलेली एक मोठी फाइल असते. ही एमबॉक्स फाइल. तिच्यात सगळे संदेश एकापाठोपाठ एक लिहिलेले असतात. शेजारी त्याच नावाची .एमएसएफ फाइल म्हणजे इंडेक्स, आणि उपफोल्डर असतील तर .एसबीडी डिरेक्टरी. कोणी बॅकअप म्हणून ‘इनबॉक्स कॉपी’ अशी विस्तारनाम नसलेली प्रत तिथेच करून ठेवली, तर पुढच्या वेळी तीही फोल्डर म्हणून यादीत येते. अशा वेळी नुसती .एमएसएफ फाइल उडवून उपयोग नाही. एमबॉक्स जागेवर आहे तोवर नवा इंडेक्स तयार होतो आणि फोल्डर पुन्हा हजर! उलट, संदेश विचित्र दिसत असतील, विषय एक आणि मजकूर दुसराच, तर दोष इंडेक्सचा असतो. तेव्हा फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला ‘रिपेअर फोल्डर’ पुरतो.

‘एनएसटीएमपी’ हा थंडरबर्डचाच, विशेषतः जुन्या आवृत्त्यांतला, अवशेष. डिलीट केलेला संदेश एमबॉक्समधून लगेच जात नाही. त्यावर फक्त खूण होते. ‘कॉम्पॅक्ट’ करताना, म्हणजे खूण झालेले संदेश खरोखर काढून टाकताना, उरलेले संदेश तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवले जातात आणि मग तीच मूळ फाइलची जागा घेते. नेमक्या त्या क्षणी अँटिव्हायरसने फाइल धरून ठेवली की तात्पुरती फाइल मागे राहते. पुढच्या खेपेला ‘एनएसटीएमपी-१’. याच खुणेमुळे आणखी एक चकवा होतो. कॉम्पॅक्ट न केलेली एमबॉक्स दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आयात केली, तर ती खूण त्याला कळत नाही आणि कधीच काढून टाकलेले संदेश परत येतात. आयात फोल्डरमधली संख्या मूळ फोल्डरपेक्षा जास्त भरण्याचे हे एक कारण.

ॲपल मेलमध्ये आयात केलेले संदेश ‘इम्पोर्ट’ नावाच्या मेलबॉक्सखाली येतात. आयात पुन्हा केली की दुसरी प्रत तयार होते. ‘रिकव्हर्ड मेसेजेस’चे प्रकरण वेगळे. एखादा संदेश सर्व्हरवर ठेवता आला नाही, तर मेल त्याची प्रत संगणकावर जपून ठेवतो. लांबलचक मसुदा लिहिताना जोडणी ये-जा करत असेल, तर त्याच मसुद्याच्या अर्धवट प्रती तिथे साचतात. हवे ते बाहेर काढून हा मेलबॉक्स डिलीट करायला हरकत नाही. तो पुन्हा पुन्हा येत असेल, तर मसुदे कुठे साठवायचे ही खात्याची सेटिंग आणि सर्व्हरवरची शिल्लक जागा पाहावी.

पीएसटी ही आउटलुकची संदेश साठवण्याची फाइल. जुन्या पद्धतीच्या पीएसटी फाइलला, म्हणजे २००२ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांतल्या, २ जीबीची मर्यादा होती. ती ओलांडली की फाइल बिघडत असे. दुरुस्तीच्या ‘स्कॅनपीएसटी’ या साधनानंतर ‘रिकव्हर्ड पर्सनल फोल्डर्स’ आणि ‘लॉस्ट अँड फाउंड’ दिसू शकतात. पहिल्यातले इनबॉक्स वगैरे बहुधा रिकामेच असतात. वाचलेला मजकूर दुसऱ्यात शोधावा, तो नव्या पीएसटीत हलवावा आणि मगच सांगाडा काढावा. आयात करताना आउटलुक दुबार नोंदींचे काय करायचे हे विचारतो. तिथे ‘दुबार आयात करू नका’ हा पर्याय निवडलेला बरा. खरे तर जुनी पीएसटी नुसती वाचायची असेल, तर आयातीच्या भानगडीत न पडता ती थेट उघडावी.

प्रत्येक जोडी दुबार नसते. ‘सेंट’ आणि ‘सेंट आयटम्स’ शेजारी-शेजारी दिसतात, कारण पाठवलेल्या संदेशांच्या फोल्डरला प्रत्येक सॉफ्टवेअर आपापले नाव देत आले. फोल्डरचे काम सर्व्हरनेच सांगावे अशी सोय २०११ साली आरएफसी ६१५४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आली, पण आधीचे फोल्डर राहिले ते राहिलेच. इथे डिलीट करण्याआधी खात्याच्या सेटिंगमध्ये एकच फोल्डर नेमावा. जीमेलमध्ये एकच संदेश त्याला लावलेल्या प्रत्येक लेबलखाली आणि ‘ऑल मेल’मध्येही दिसतो, तो दुबार समजून काढू नये.

खात्री करायची ती संदेशाच्या मूळ मजकुरातल्या ‘मेसेज-आयडी’ या ओळीवरून. ती सारखी असेल तर बहुधा एकाच संदेशाच्या प्रती. नुसता विषय किंवा तारीख जुळणे पुरेसे नाही. थंडरबर्डसाठी दुबार संदेश शोधणारी ॲड-ऑन आहेत. ती चालवण्याआधी सॉफ्टवेअर बंद करून प्रोफाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी, त्याच डिरेक्टरीत नव्हे. पॉप पद्धतीच्या, म्हणजे संदेश सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेणाऱ्या, खात्यात फोल्डर एकच राहून आतला प्रत्येक संदेश दोनदा दिसू लागला, तर कोणते संदेश आधी उतरवले याची नोंद हरवलेली असते. थंडरबर्डमध्ये ती ‘पॉपस्टेट’ या .डॅट फाइलमध्ये असते, आणि प्रोफाइल नव्या संगणकावर नेताना नेमकी तीच मागे राहिली की सर्व्हरवरचे सगळे संदेश नव्याने उतरतात.