वाढत्या अंगातली चौथी गिरकी

फिगर स्केटिंगमध्ये खेळाडूचं वय स्पर्धेच्या दिवशी मोजत नाहीत. हंगामाआधीच्या १ जुलैला तुम्ही किती वर्षांचे होता, यावरून तुमचा गट ठरतो. जपानच्या माओ शिमादाचा जन्म ३० ऑक्टोबर २००८ चा. २०२६ च्या फेब्रुवारीत मिलान-कोर्तिना इथे हिवाळी ऑलिंपिक भरलं तेव्हा तिला सतरा पूर्ण झाली होती, पण १ जुलै २०२५ ला ती सोळाचीच होती. सीनियर गटासाठी आणि म्हणून ऑलिंपिकसाठी अट सतराची. चार महिने कमी पडले.

यात आणखी एक गंमत आहे, किंवा क्रूर थट्टा म्हणा. शिमादाचं नाव आईवडिलांनी माओ असादावरून ठेवलं. असादा ही जपानची लाडकी स्केटर, जन्म २५ सप्टेंबर १९९०. २००५ च्या डिसेंबरात तिने टोकियोत सीनियर ग्रांप्री फायनल, म्हणजे हंगामातल्या मोठ्या स्पर्धामालिकेची अंतिम फेरी, जिंकली, आणि तरी दोन महिन्यांनी तोरिनोच्या ऑलिंपिकला तिला जाता आलं नाही. तेव्हा अट पंधराची होती आणि १ जुलैच्या हिशोबात तिला तीन महिन्यांहूनही कमी काळ अपुरा पडला होता. वीस वर्षांनी तिच्याच नावाची मुलगी त्याच तारखेला अडली.

शिमादा क्योतोमध्ये किनोशिता अकादमीत मिए हामादा यांच्याकडे शिकते. सातोको मियाहारा आणि रिका किहिरा यांनाही घडवलेल्या याच हामादा. शिमादाने २०२३ मध्ये कॅलगरीत, २०२४ मध्ये तैपेईत आणि २०२५ मध्ये हंगेरीतल्या देब्रेत्सेनला ज्युनिअर जागतिक विजेतेपद मिळवलं. तिच्याआधी कुठल्याही मुलीला ते तीनदा जमलं नव्हतं. २०२४ च्या युवा ऑलिंपिकचं सुवर्णही तिचंच. जपानच्या राष्ट्रीय सीनियर स्पर्धेत चांगल्या ज्युनिअर खेळाडूंनाही बोलावतात. तिथे २०२२ च्या डिसेंबरात, चौदाव्या वर्षी, ती तिसरी आली आणि दोन वर्षांनी दुसरी. म्हणजे आपल्या देशातल्या बहुतेक सीनियर खेळाडूंना ती हरवत होती, फक्त त्यांच्यासोबत जागतिक स्पर्धेला जाऊ शकत नव्हती.

पण विज्ञानाच्या अंगाने मला तिच्या पदकांपेक्षा दोन उड्या जास्त खुणावतात. कॅलगरीत तिने एकाच कार्यक्रमात, म्हणजे संगीतावरच्या एका सादरीकरणात, ट्रिपल ॲक्सल आणि क्वाड टो लूप या दोन्ही उड्या मारल्या. ॲक्सल ही एकच उडी अशी की जिच्यात खेळाडू समोर तोंड करून उडतो आणि पाठमोरा उतरतो, त्यामुळे तीनऐवजी साडेतीन गिरक्या घ्याव्या लागतात. क्वाड म्हणजे चार गिरक्या. या दोन्ही वाटा स्त्रियांसाठी जपानी मुलींनीच खुल्या केल्या. नागोयाच्या मिदोरी इतोने १९८८ मध्ये स्पर्धेत ट्रिपल ॲक्सल मारली आणि पुढच्या वर्षी पॅरिसला ती जगज्जेती झाली. २००२ च्या डिसेंबरात मिकी आंदोने ज्युनिअर ग्रांप्री फायनलमध्ये क्वाड साल्को (साल्को हा उडीचा आणखी एक प्रकार) मारली. स्पर्धेत चार गिरक्या घेणारी ती पहिली मुलगी. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. हे चौदा लक्षात ठेवा.

टो लूप जवळून पाहू. घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारा खेळाडू उजव्या पायाच्या पात्याच्या बाहेरच्या कडेवर पाठमोरा घसरत येतो. (पात्याचा तळ सपाट नसतो. मधे उभी पन्हळ कोरलेली असते, म्हणून त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा मिळतात.) डावा पाय मागे लांब जातो आणि पात्याच्या पुढच्या टोकाचे दाते बर्फात रुततात. घसरण्याचा वेग त्या रुतलेल्या टोकावर अडतो आणि शरीर त्याभोवती वळत वर उचललं जातं. दाते बर्फातून सुटेपर्यंत साधारण अर्धी गिरकी जमिनीवरच होऊन गेलेली असते. ही लबाडी नाही, टो लूप अशीच मारतात. उरलेल्या साडेतीन गिरक्या हवेत. हात छातीशी घट्ट, घोटे एकमेकांवर, आणि मग उजव्या पायावर, पाठमोरं, बाहेरच्या कडेवर उतरायचं.

हवेत वेळ किती मिळतो? सेकंदाचे सहा-सात दशांश भाग. ०.६५ सेकंद धरला तर गुरुत्वाकर्षणाच्या नेहमीच्या सूत्राने उडीची उंची सुमारे ५२ सेंटिमीटर येते. वेळ वाढवायचा म्हटलं तर ०.७ सेकंदासाठी ६० सेंटिमीटर उडावं लागतं. शतांशांत मोजण्याइतक्या वेळासाठी आठ सेंटिमीटर! उंची चौपट केली तरच वेळ दुप्पट होतो, त्यामुळे वर वर उडत राहणं हा महागाचा मार्ग आहे. बहुतेक क्वाड वेगाने फिरूनच साधल्या जातात. ०.६५ सेकंदात साडेतीन गिरक्या म्हणजे सेकंदाला ५.४, मिनिटाला ३२० च्या पुढे. हीसुद्धा सरासरी झाली. हात आवळून घ्यायला आणि उतरण्याआधी उघडायला जो वेळ जातो तो धरला तर मधला वेग याहून जास्त असतो.

एकदा पाय सुटला की हवेत ढकलायला काहीच नसतं. कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याची जी शिदोरी बर्फावरून उचलली, तेवढ्यावरच भागवायचं. ती वाढत नाही, कमीही होत नाही. खेळाडूच्या हातात एकच गोष्ट उरते, अंग आवळणं. ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीवर बसून दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्या, हात पसरून गिरकी घ्या आणि बाटल्या छातीशी ओढा. खुर्ची एकदम सुसाट फिरते. वस्तुमान अक्षापासून जितकं दूर, तितकं ते फिरवणं जड, आणि हे जडत्व अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. दुप्पट लांब गेलेला प्रत्येक किलो चौपट जड पडतो.

आता त्या चौदा वर्षांकडे येऊ. समजा एक मुलगी १४८ सेंटिमीटर उंच आहे आणि तीन वर्षांत ती १५५ ची होते. (ही मुलगी काल्पनिक आहे, शिमादाची मापं मी इथे काढत नाही.) उंचीत वाढ जेमतेम पाच टक्के. अंग सगळ्या बाजूंनी त्याच प्रमाणात वाढलं असं मानलं तर वजन उंचीच्या घनाने वाढतं, म्हणजे १५ टक्के. फिरण्याच्या जडत्वात वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग येतो, म्हणून ते उंचीच्या पाचव्या घाताने वाढतं: २६ टक्के. शिदोरी जुनीच राहिली तर ५.४ चा वेग ४.३ वर येतो. तेवढ्याच वेळात साडेतीनऐवजी २.८ गिरक्या होतात, आणि मुलगी पाऊण गिरकी आधीच बर्फावर आदळते.

हा हिशोब जरा अन्यायाचा आहे, कारण स्नायूही वाढतात. स्नायूचा जोर त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे उंचीच्या वर्गावर ठरतो. हाडांची तरफही लांब होते. दोन्ही मिळून फिरवण्याची ताकद साधारण १५ टक्के वाढली असं धरू. तरी २६ टक्के जडत्वापुढे ती तोकडी पडते. वेग नऊ टक्क्यांनी घटतो आणि साडेतीन गिरक्यांतली तीन दशांश गिरकी गळते. इथेच नियमपुस्तक आडवं येतं. उतरताना गिरकी पाव भागापेक्षा जास्त अपुरी राहिली तर तांत्रिक पंच ती अपूर्ण धरतात आणि उडीची मूळ किंमत ८० टक्क्यांवर येते. म्हणजे पाच टक्के वाढलेली, पूर्वीइतकंच उत्तम उडणारी मुलगीसुद्धा नेमकी त्या रेषेच्या पलीकडे जाऊन पडते. प्रत्यक्षात वाढ सगळ्या बाजूंनी सारखी होत नाही. मुलींमध्ये कंबर रुंदावते, चरबीचं प्रमाण वाढतं, वस्तुमान अक्षापासून दूर सरकतं. मुलग्यांना त्याच वयात स्नायूंची भर पडते, म्हणून पुरुष विशीतही क्वाड मारतात.

शिवाय शरीर वाढलं तरी मेंदूत साठलेली उडी जुन्या शरीराची असते. हात कधी उघडायचे, बर्फ कधी येणार, हे सगळं हजारो उड्यांतून अंगवळणी पडलेलं. हातपाय लांब झाले की ती वेळ चुकते, आणि पुन्हा घोटवून घ्यायला महिने जातात.

गुणांची पद्धत या सगळ्याला हवा देते, असं माझं मत आहे. क्वाड टो लूपची मूळ किंमत ९.५०, ट्रिपल टो लूपची ४.२०. क्वाड पूर्ण फिरून खेळाडू धपकन पडला तर दर्जाचे गुण (उडी किती चांगली झाली यावरून पंच जे मूळ किमतीत मिळवतात किंवा वजा करतात ते) तळाला जाऊन ४.७५ वजा होतात, पडल्याचा आणखी एक. उरतात ३.७५. स्वच्छ मारलेल्या साध्या ट्रिपलपेक्षा अर्ध्या गुणानेही कमी नाही! पडण्याची शिक्षा एवढी स्वस्त आणि जमल्याचं बक्षीस एवढं मोठं असेल तर कुठलाही प्रशिक्षक हलक्या, अरुंद अंगाच्या लहान मुलींना क्वाडच शिकवणार. गेल्या दशकात रशियात हेच झालं. २०१८ च्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत अलेक्सांद्रा त्रुसोवाने एका कार्यक्रमात दोन क्वाड मारल्या. तिच्यामागून आलेल्या मुलींची मालिका २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांच्या कामिला वालियेवाच्या उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणापाशी येऊन ठेपली. त्याच वर्षी जूनमध्ये फुकेतला आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वयाची अट पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेली. पंधराचाच नियम राहिला असता तर शिमादा २०२४ च्या हंगामापासून सीनियर झाली असती आणि मिलानलाही पात्र ठरली असती. कॅलगरीत तिच्यामागे तिसरी आलेली आमी नाकाई एप्रिल २००८ ची. सहा महिन्यांनी मोठी असल्याने तिची जपानच्या ऑलिंपिक संघात निवड झाली.

शिमादाबद्दल हळहळ वाटते, पण नियम मला योग्यच वाटतो, आणि तो हाडांमुळे. उडीवरून उतरताना एका पायावर शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट जोर येतो. घोटा करकचून बांधलेल्या कडक बुटात, त्यामुळे धक्का झेलायला तो फारसा वाकतही नाही. सरावात हे रोज डझनावारी वेळा होतं. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या अजून कूर्चेच्याच असतात आणि हाडापेक्षा कमकुवत असतात. त्यात वजन वाढू नये म्हणून खाणं तोडलं तर दुखणं दुप्पट. शरीराला खर्चाच्या मानाने ऊर्जा मिळाली नाही की पाळी थांबते, इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं भरण्याच्या नेमक्या वर्षांत ती पोकळ राहतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन त्यावर भूमिका जाहीर केली. जडत्वाचं गणित कळलेला प्रत्येक प्रशिक्षक वजनकाट्याकडे पाहू लागतो. वयाची अट त्या मोहाला थोडा लगाम घालते, पुरता नाही. ज्युनिअर गटात क्वाडवर सरसकट बंदी नाहीच.

मग मोठ्या अंगाने जिंकायचं कसं? कोबेची काओरी साकामोतो हे उत्तर देते. एप्रिल २००० चा तिचा जन्म. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन जागतिक विजेतेपदं तिने ट्रिपल ॲक्सल किंवा क्वाडशिवाय मिळवली. तिची साधी डबल ॲक्सल पाहावी. ती येते तोच प्रचंड वेगाने, उडी उंचीपेक्षा लांबीला मोठी असते, आणि उतरताना वेग कमी होत नाही. वाढलेलं वस्तुमान गिरकीत नडतं, पण वेगाने घसरणाऱ्या जड शरीरात संवेग, म्हणजे सरळ पुढे जाण्याची शिदोरी, भरपूर असतो आणि बर्फावर घर्षण नगण्य. पंच अशा उड्यांना दर्जाचे गुण भरभरून देतात. मिदोरी इतोचा रस्ता तिसराच होता: उंची जेमतेम १४५ सेंटिमीटर आणि पायांत विलक्षण ताकद. तिने हवेतला वेळच वाढवून घेतला. खुद्द असादाने ट्रिपल ॲक्सल विशीत सोडली नाही. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये तिने एकाच स्पर्धेत तीन ट्रिपल ॲक्सल मारल्या आणि रौप्य घेतलं, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

२०२६-२७ च्या हंगामापासून शिमादा सीनियर गटासाठी पात्र ठरते. अठराव्या वर्षात तिच्या उड्यांत काय उरलं हे पाहायचं असेल तर उडीपेक्षा तिची संथगती चित्रफीत पाहा, आणि तीही पायाची. उतरताना पातं ज्या क्षणी बर्फाला टेकतं, तेव्हा त्याचं टोक कुठल्या दिशेला आहे हे पंच तिथेच तपासतात. ते प्रवासाच्या दिशेला नीट पाठमोरं असेल तर गिरकी पूर्ण. आडवं असेल आणि उरलेला भाग बर्फावर घासत फिरला असेल तर पाव गिरकी गेली. पुढचं हिवाळी ऑलिंपिक २०३० मध्ये फ्रेंच आल्प्समध्ये आहे. तोवर शिमादा एकवीस वर्षांची झालेली असेल. साकामोतोने पहिलं जागतिक विजेतेपद जिंकलं तेव्हा तीही एकवीसचीच होती.